पडद्यामागची शिंक

नाकाबद्दल लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. लिहायचंच तर माणसाने काही भारदस्त विषयावर लिहावं, अशी माझी समजूत आहे. आणि नाक, त्यातून तुंबलेलं, हा काही भारदस्त विषय नव्हे. शिवाय माझी सगळी नोकरी सरकारी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेली. त्यामुळे इतरांनी काय काय लिहून ठेवलं आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि म्हणूनच आपण लिहू नये हेही. पण माझ्या हातून उभ्या आयुष्यात एकच धाडसाचं काम झालं, आणि ते हाताने नव्हे, नाकाने झालं. तेव्हा इलाज नाही.

डिसेंबरात सर्दी झाली. ती यथावकाश गेली, पण जाताना आपलं सामान माझ्या डोक्यात ठेवून गेली. डावा गाल ठणकायचा. खाली वाकलं की डोक्यात मागे ठेवलेला एक दगड गडगडत कपाळावर येऊन आदळायचा. वास बंद, चव बंद. शशिकला, म्हणजे माझी पत्नी, आमटी कशी झाली असं विचारायची आणि मी अंदाजाने 'छान' म्हणायचो. लग्नापासून मी तेच म्हणत आलो असल्यामुळे तिला संशय आला नाही. खरा त्रास वाचनाचा. मान खाली घातली की दगड येणार, म्हणून मी उताणा पडून पुस्तक वर धरून वाचायचो, आणि डुलकी लागली की ते नाकावर पडायचं. मोठ्या माणसांची चरित्रं मी त्या काळात वर्ज्य केली. मोठ्या माणसांची चरित्रं फार जाड असतात.

आम्हाला तेव्हा नवीन पनवेलला राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या सेक्टरात इमारती थोड्या आणि मोकळे प्लॉट पुष्कळ, आणि त्या प्लॉटांवर वाऱ्याशिवाय कोणाचा मुक्काम नसे. न्हावा शेव्याचे कंटेनर पळस्प्याकडे निघाले की त्यांची धूळ हा वारा घरोघर पोचती करायचा, पोस्टापेक्षा नियमितपणे. थंडीत तर तो खिडकीच्या फटीतून थेट माझ्या नाकाचाच पत्ता शोधत येतो असं मला वाटे. असं वाटणं हा माझा भ्रमही असेल.

जुन्या पनवेलच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून नाकात पाहिलं आणि म्हणाले, "सायनस." मी भीत भीत विचारलं, कधीपासून झाला असेल? "जन्मापासून," ते म्हणाले. "सायनस सगळ्यांनाच असतात. तुमचे भरलेत." मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून तीनदा वाफारा सांगितला, वाऱ्यात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं, आणि नाकाचा फोटो काढून आणायला म्हणून वाऱ्यातच पाठवलं.

फोटो सरकारी दवाखान्यात निघणार होता. पहिल्या दिवशी गेलो तर फिल्म संपली होती. दुसऱ्या खेपेला फिल्म आली होती, पण फोटो काढणारे गृहस्थ प्रशिक्षणाला गेले होते. ते आले त्या दिवशी वीज गेली. शेवटी एकदाचा योग जुळला. मला एका थंडगार पाटीला नाक आणि हनुवटी टेकवून तोंड उघडं ठेवायला सांगण्यात आलं, आणि ते गृहस्थ चहाला गेले. ते परत येईपर्यंत मी त्या पाटीसमोर आ वासून उभा होतो. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने दुसरीला सांगितलं, बिचाऱ्याचं तोंड मिटत नाही वाटतं. मी काही बोललो नाही. बोलायला तोंड मिटावं लागलं असतं.

फिल्म ओलीच हातात मिळाली. पाकिटं संपली होती. तेव्हा माझी कवटी चिमटीत धरून, अंगापासून लांब ठेवत, मी दवाखान्यातून निघालो. रिक्षात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी ती न विचारता उजेडाकडे धरली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि दात चांगले आहेत असं सांगितलं. घरी शशिकलाने ती गॅलरीतल्या दोरीला चिमटे लावून वाळत घातली, माझा पायजमा आणि तिचा परकर यांच्या मध्ये. सेक्टरातल्या त्या वाऱ्यावर माझं डोकं दिवसभर फडफडत होतं. ज्यांना मी कोण हे माहीत नव्हतं त्यांनाही माझ्या आत काय आहे ते कळलं.

संध्याकाळी माणसं बघायला आली. वरच्या मजल्यावरच्या टिपणीसबाईंनी फिल्म खिडकीशी धरून तांदूळ निवडावेत तशी न्याहाळली. टिपणीसबाई म्हणजे आमच्या इमारतीचं शेवटचं अपील. त्यांनी निकाल दिला की जिथे जिथे काळं दिसतंय तिथे तिथे रोग आहे, आणि काळं पुष्कळ आहे. समोरच्या दारचे मनासे पेणकर, गोदीतून निवृत्त झालेले बेने इस्रायली गृहस्थ, माझे इथले एकुलते एक मित्र. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि, "कमलाकरराव, धीर सोडू नका," असं म्हणाले, त्यामुळे होता नव्हता तो धीर सुटला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की काळं ते चांगलं, हवा असलेलं. पांढरं ते वाईट. मी ही आनंदाची बातमी टिपणीसबाईंना कळवायला गेलो तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलायचा सल्ला दिला.

आणि मग उपाय सुरू झाले. टिपणीसबाईंनी वेखंडाचा लेप दिला. तो कपाळावर वाळला की भुवया हलत नसत, त्यामुळे मी आठवडाभर कशानेही चकित झालो नाही. मनासेंच्या पत्नी रेबेकाबाई तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी पाठवायच्या. आमच्याकडे भांड्याला येणारी भामा रुईचं पान गरम करून गालाला लावा म्हणाली; पान मिळालं, पण सोबत मुंग्या आल्या. सोसायटीचे सेक्रेटरी तुळशीराम गावंड यांनी तोटीचा तांब्या आणून दिला आणि एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढायचं शिकवलं. मी घातलं. ते निघालं नाही. दुसरीतूनही नाही आणि पहिलीतूनही नाही. एवढं पाणी माणसाच्या डोक्यात कुठे राहू शकतं, यावर मी रात्रभर विचार केला. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. पाण्याच्या टाकीच्या नोटिशीवर सही करायला मी वाकलो, आणि ते सगळं गावंडांच्या नोटिशीवर आलं.

या सर्वांचा परिणाम असा झाला की तुंबलेलं नाक तुंबलेलंच राहिलं, वर ते चिडलं. उदबत्ती, फिनेल, फोडणी, कशानेही शिंका सुरू होऊ लागल्या. मला वास कळत नव्हता, पण वासांना माझं नाक बरोबर कळत होतं.

इथवर ही माझ्या एकट्याची गोष्ट होती. पुढे ती शशिकलाची झाली.

गिरगाव सोडून इथे यायचं हा हट्ट माझा. मला शांतता हवी होती. ती मिळाली. आपल्याला कोणी भेटायला येत नाही हे सुख मी मनसोक्त भोगत होतो. शशिकलालाही कोणी भेटायला येत नाही, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. दुपारी ती विणकाम घेऊन बसायची. जिन्यात पावलं वाजली की सुया थांबायच्या. पावलं आमचा मजला ओलांडून वर गेली की पुन्हा चालू. मी पुस्तकातून मान वर करून काहीतरी बोलायचं ठरवायचो, पण काय बोलावं ते ठरेपर्यंत दुसरी पावलं वाजायची.

मागच्या वर्षी तिने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं. बायका आल्या, पण बसल्या नाहीत. इथली तऱ्हाच तशी. एकेका संध्याकाळी पाच-सहा घरं उरकायची असतात. चपला अर्ध्या काढायच्या. हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ. वाण पिशवीत टाकायचं आणि 'येते हं' म्हणत जिन्याला लागायचं. शशिकला प्रत्येकीला 'बसा ना' म्हणाली. अंथरलेल्या सतरंजीला सुरकुती पडली नाही. रात्री घडी घालताना ती म्हणाली, "बरं झालं, धुवायला नको." तिला मी बऱ्यापैकी ओळखतो. वाईट वाटलं की ती काटकसरीचं बोलते.

यंदा तिने पुन्हा मांडायचं ठरवलं. वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या, हलवा स्वतः काढला, आणि एकदा सहज म्हणावं तसं म्हणाली, यंदाही कोणी टेकलं नाही तर पुढच्या वर्षापासून नाही करायची. मी हो म्हणालो. पण 'पुढच्या वर्षापासून नाही' याचा अर्थ पुढची सगळी वर्षं ती जिन्यातली पावलं मोजत बसणार असा होतो, एवढं मला कळत होतं. रथसप्तमीच्या आधीचा रविवार तिच्या वाट्याला आला. तो पुढे ढकलता येत नव्हता, कारण रथसप्तमीनंतर संक्रांतीचं हळदीकुंकू होत नाही. आणि माझं नाक अजून घरातच होतं.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी घरातल्या पुरुषाने घराबाहेर असावं, हा नियम कुठल्या ग्रंथात सांगितला आहे ते मला सापडलेलं नाही, पण तो मोडणारा पुरुषही मी पाहिलेला नाही. आमचं घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच. बाहेर वारा. मनासेंकडे जाऊन बसावं तर त्यांचा मुलगा एयाल इस्रायलहून यायचा होता म्हणून त्यांच्या घराला तेलरंग लागत होता. दारातूनच मला इतक्या शिंका आल्या की रंगाऱ्याने शिडीवरून उतरून मला पाणी दिलं. उरली जिन्याखालची सोसायटीच्या ऑफिसची खोली. मी किल्ली मागायला गावंडांकडे गेलो.

"माझा काय म्हनना नाय, सर," गावंड म्हणाले. "पन मीटिंगशिवाय हापिस उघडायचा नाय, आसा आपलाच ठराव हाय."

मग मीटिंग बोलवावी का, असं मी विचारलं. गावंडांनी विचार केला. ते कायद्याला धरून चालणारे, पण मनाने चांगले गृहस्थ. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मीटिंगला कोरम लागतो. तो भरला नाही तर अर्ध्या तासाने तहकूब सभा भरते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे मी एकटा त्या खोलीत रीतसर बसू शकत होतो. विषय क्रमांक एक, श्री. कमलाकर यांचे बसणे. फक्त नोटीस चौदा दिवस आधी लावावी लागते. तोवर रथसप्तमी होऊन गेलेली असती.

अखेर शशिकलाने मला स्वयंपाकघरात ठेवायचं ठरवलं. मध्ये दार नव्हतं, पडदा होता, आणि तो जमिनीपासून वीतभर वर होता. खोकायचं नाही, डोकवायचं नाही, भांड्याला धक्का लावायचा नाही अशा सूचना झाल्या. मोरी बाहेरच्या खोलीच्या पलीकडे असल्यामुळे दुपारपासून माझा चहा बंद करण्यात आला. माकडटोपी, मफलर, पाट, वाफाऱ्याचं पातेलं आणि एक बारीक पुस्तक, एवढ्या सरंजामानिशी मी शेगडीशेजारी बसलो. कोणाला दिसलो असतो तर मला बदलीवर आलेला गुरखा समजले असते.

बायका येऊ लागल्या. मला पडद्याखालून फक्त पावलं आणि निऱ्या दिसत होत्या. दोन बायका आल्या, दारातच उभ्या राहिल्या, गेल्या. मागच्या वर्षीसारखंच. "बसा ना," शशिकला म्हणाली, आणि त्यांना कुठे कुठे जायचं होतं ते जिन्यातून ऐकू आलं. मग टिपणीसबाई आल्या, सोबत वरच्या दोघी-तिघी. टिपणीसबाई आहेत म्हणून शशिकलाने गुलाबदाणी जरा सढळ हाताने हलवली असावी. "चला, येते हं," टिपणीसबाई म्हणाल्या, त्यांची पावलं दाराकडे वळली, आणि वाफ जायला उघड्या ठेवलेल्या माझ्या शेजारच्या खिडकीने बाहेरच्या खोलीतली सगळी गुलाबी हवा पडद्यातून ओढून माझ्या नाकावर आणून टाकली.

मी शिंकलो. अशी शिंक मी पूर्वी कधी शिंकलो नव्हतो. शेल्फावरच्या वाट्या वाजल्या.

बाहेर शांतता. मग टिपणीसबाईंचा आवाज आला, "आली का. निघतानाच."

"आमचे हे आहेत आत," शशिकला म्हणाली. घरात उंदीर आहे हे कबूल करावं तशा आवाजात.

"कोणी का असेना, शिंक ती शिंक. निघता निघता आली की थांबावं. टेकते जरा."

आणि त्या टेकल्या. टिपणीसबाई टेकल्या म्हणजे इतरजणींनाही टेकणं भाग होतं. पाणी प्यावं, चार क्षण बसावं आणि मग निघावं अशी रीत. त्या पाणी पिऊन उठतात तोच नवीन दोघी आल्या, त्यांच्यावर गुलाबपाणी उडालं, आणि मी पुन्हा शिंकलो. सगळ्या पुन्हा बसल्या. आता नव्या दोघीही बसल्या.

मला घाम फुटला. आपल्यामुळे परक्या बायका आपल्या घरात अडकून पडल्या आहेत, त्यांची पाच-सहा घरं तिष्ठत आहेत, आणि शशिकला शरमेने अर्धी झाली असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, एक शिंक वाईट, पण लागोपाठ दोन आल्या तर काही हरकत नसते. गावंडांच्या पत्नीचा, वेणूचा, आवाज असावा. मला आशेचा किरण दिसला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्याची सुरळी करून मी ती नाकात घातली आणि बायकांच्या सुटकेसाठी दुसरी शिंक काढली. दुर्दैवाने तिच्या पाठोपाठ आणखी एक आली.

"तीन झाल्या," बाहेर हिशेब झाला. "बसा."

चौथीसाठी मी पुन्हा प्रयत्न केला आणि पाचवर गेलो. गणितात मी शाळेपासून कच्चा. नव्या बायका येत होत्या, गुलाबपाणी उडत होतं, आणि माझा आकडा काही केल्या समेवर येईना. येणारीला जागा होती, जाणारीला वाट नव्हती. पडद्याखाली आधी सतरंजी दिसत होती, मग फक्त निऱ्या दिसू लागल्या. रेबेकाबाई आपल्या घरून दोन खुर्च्या घेऊन आल्या. त्या कुंकू लावत नाहीत, म्हणून शशिकला त्यांना फूल द्यायची. "आमच्यात शिंकेचं असं काही नाही हो," त्या म्हणाल्या, "पण सगळ्या बसल्यात तर मी एकटी जाऊन काय तेलरंग हुंगू?"

बसलेल्या बायका किती वेळ नुसत्या बसणार? सुरुवात माझ्यापासून झाली. पडद्यातून एकेक हात आत येऊ लागला. एका हातात ओव्याची पुरचुंडी होती, एका हातात जायफळ. एक हात नुसताच आला आणि टोपी कानांवर नीट ओढून घ्या असं सांगून गेला. माझी कवटी आठवत असलेल्या एका बाईंनी ती इतरांना तपशीलवार वर्णन करून सांगितली. मी पाटावर आणखी लहान होऊन बसलो. पण मग विषय माझ्यावरून घसरला, तो नळाच्या वेळांवर गेला, तिथून कोणाच्या तरी सासूवर, आणि वेणूने ती पहिल्यांदा सासरी आली तेव्हा तिच्या सासूने परीक्षा म्हणून जिवंत खेकड्यांची टोपली कशी पुढे ठेवली ते सांगायला घेतलं. "मी ती तशीच नवऱ्याच्या मांडीवर ठेवली," ती म्हणाली. "मी बोलली, आधी ह्याला इच्यारा, ह्याचाच घर हाय." मी गावंडांना कायद्याचं बोलतानाच पाहिलं होतं, खेकड्यांबरोबर ते कसे वागले असतील याची मला कल्पना करता येईना.

तेव्हा बाहेर जे हसणं झालं त्यात एक आवाज सगळ्यांत उशिरा थांबला. तो शशिकलाचा होता. शांततेच्या नादात, हा आवाज घरात नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ती पडदा सारून आत आली तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीने उभा राहिलो. ती माझ्याकडे न बघता फळीवरचे कप काढत होती, पाहुण्यांचे, रोजचे, कान तुटलेलासुद्धा. "ते पातेलं उतरवा," ती म्हणाली. "कॉफी ठेवायचीय. सगळ्या बसल्यात." शेवटचे दोन शब्द तिने मला सांगितले नव्हते. ते ती स्वतःलाच सांगत होती.

मी पातेलं उतरवलं. ते उतरवताना वाकलो, आणि दगड नेहमीप्रमाणे गडगडत पुढे आला, पण या वेळी आदळला नाही. डाव्या गालात कुठेतरी बारीकसं काही फुटल्यासारखं झालं आणि पुढचा काही वेळ मी मफलरात तोंड खुपसून होतो. त्याचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो की वर आलो तेव्हा डोकं माझं होतं. हलकं, रिकामं, माझ्या ओळखीचं. आणि मला वास आला. आधी कॉफीचा. मग जायफळाचा. मग पडद्यातून आलेला गुलाबपाण्याचा, अगदी मंद, अगदी निरुपद्रवी. बाहेर आणखी कोणी आलं होतं, गुलाबदाणी हलली होती, आणि माझं नाक स्वस्थ होतं. डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभराच्या वर ज्याचं नाक बंद होतं त्यालाच हे कळेल. इतरांनी हसावं.

कॉफी झाली. कप परत आले. मी तो सुवास घेत पाटावर बसून होतो, आणि सुटल्याच्या आनंदात मला बाकी कशाचं भान नव्हतं. मग बाहेर टिपणीसबाई म्हणाल्या, "चला बायांनो, बराच वेळ शिंक नाही. उठा आता." निऱ्या सळसळल्या. पडद्याखालची पावलं दाराकडे वळू लागली.

"बसा ना अजून," शशिकला म्हणाली.

तेच शब्द, तोच आवाज, जो गेल्या वर्षी कोणी ऐकला नव्हता. त्यात आग्रह कमी आणि आधीच मान्य केलेला नकार जास्त होता. पावलं थांबली नाहीत. मला एकदम कळलं की हे सगळं मोडणार, आणि आता मोडलं की पुन्हा मांडलं जाणार नाही, आणि त्याला कारण म्हणजे माझं नाक बरं झालं.

मी सुरळी शोधली. ती कॉफीच्या गडबडीत केरात गेली होती. गुलाबाची हवा छातीभर ओढून पाहिली. छान वाटलं, एवढंच. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला एकदा भालदाराचं काम दिलं होतं आणि ऐन वेळी मी विंगेतून बाहेरच आलो नव्हतो. खोटं करून दाखवण्याची माझी सगळी पुंजी ती एवढी. पण पडद्यामागे राहूनच करायचं असेल तर कदाचित जमेल, असं मला वाटलं. मी उभा राहिलो, डोळे मिटले, आणि मोठ्याने म्हणालो, "आक्-छी."

म्हणालो, असंच म्हणायला हवं. आपली शिंक ऐकायला कशी येते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे पुस्तकात छापतात तशी मी ती अक्षरशः वाचून दाखवली.

बाहेर सगळं स्तब्ध झालं. कोणीतरी फसकन हसू दाबलं. माझे कान टोपीच्या आत तापले. आता टिपणीसबाई काहीतरी बोलतील आणि हे घर आपल्याला विकावं लागेल, अशी माझी खात्री झाली.

"शिंक आली गं," टिपणीसबाई अतिशय गंभीरपणे म्हणाल्या. "काय करणार? बसा."

आणि सगळ्या बसल्या. पडद्याखालून मला दिसलं ते खरं की भास, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, पण मी शिंकण्याच्या जरा आधीच टिपणीसबाईंची पावलं सतरंजीकडे परत वळली होती असं मला वाटतं.

त्या गेल्या तेव्हा बाहेर दिवे लागून बराच वेळ झाला होता. इतरांची हळदीकुंकवं त्या संध्याकाळी जरा पातळ झाली, असं नंतर कानावर आलं. शशिकला कप विसळत होती आणि मी पुसत होतो. माफी मागावी की गप्प बसावं, याचा माझा निर्णय होत नव्हता.

"ती शेवटची खोटी होती," ती म्हणाली.

"कळली?"

"मला कळली. टिपणीसबाईंना कळली. जिन्यात भामा भेटली, तिला खालपर्यंत कळली." तिने कान तुटलेला कप माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी जरा आधी द्या. वेणूचा एक पाय चपलेत गेला होता."

मी तो कप बराच वेळ पुसला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी वाचत बसलो होतो. मान खाली घालून, पुस्तक मांडीवर ठेवून, श्रीमंत माणसासारखा दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेत. जिन्यात पावलं वाजली. विणायच्या सुया थांबल्या. पावलं आमच्या दाराशी आली आणि बेल वाजली. टिपणीसबाई होत्या, मागे वेणू, तिच्या मागे रंगाचे ठिपके उडालेल्या रेबेकाबाई. मी पुस्तक उचलून घाईघाईने आत गेलो आणि पडदा सारला. बाहेर सतरंजी अंथरल्याचा आवाज आला. मग टिपणीसबाईंचा, मुद्दाम पडद्याला ऐकू जाईल असा.

"भाऊजी, आज शिंकायची तसदी घेऊ नका. आम्ही बसायलाच आलोय."

मी पाटावर बसलो आणि पुस्तक उघडलं. बाहेर इतका गलबला होता की पहिलंच पान पुन्हा पुन्हा वाचूनही त्यातलं अक्षर कळेना. म्हणून मी ते मिटलं आणि पाच कपांचं आधण ठेवलं.